साखरपुड्याच्या आणि लग्नाच्या अंगठीचे माप बदलून घेताना खर्चाचा हिशेब कसा करावा

अंगठी सैल झाली किंवा बोटात जाईनाशी झाली म्हणून सराफाकडे गेले की गिऱ्हाईक विचारते, "किती लागतील?" आणि पेढीवरून उत्तर येते ते बहुधा फक्त मजुरीचे. पाचशे रुपये, सातशे रुपये असा काहीतरी आकडा सांगितला जातो, तो परवडण्याजोगा वाटतो आणि अंगठी काउंटरपलीकडे जाते. प्रत्यक्षात माप बदलण्याच्या खर्चात मजुरी हा बहुतेक वेळा लहान भाग असतो. अंगठीत किती सोने घालावे लागले किंवा तिच्यातून किती सोने निघाले, घासण्यात घट किती झाली, खडे काढून पुन्हा बसवावे लागले का, पांढऱ्या सोन्यावरचा मुलामा नव्याने द्यावा लागला का, या गोष्टी खरा खर्च ठरवतात. त्यातही अंगठी लहान करताना निघालेल्या सोन्याचा विषय गिऱ्हाइकाने स्वतःहून काढला नाही, तर तो सहसा निघत नाही. त्यामुळे पेढीची पायरी चढण्यापूर्वी हा हिशेब आपल्यालाही करता यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

आधी माप नक्की करावे

माप बदलण्याचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे ते दोनदा बदलावे लागणे. भारतात अंगठीच्या मापाचे आकडे समजायला सोपे आहेत. अंगठीच्या आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा केले की साधारणपणे माप मिळते. आतला घेर ५२ मिलिमीटर असेल तर माप १२, आणि ५६ मिलिमीटर असेल तर १६. म्हणजे मापाचा प्रत्येक आकडा घेराच्या एका मिलिमीटरएवढा असतो, आणि पुढचा सोन्याचा सगळा हिशेब याच एका मिलिमीटरवर उभा आहे.

घरी पट्टीने अंगठीचा आतला व्यास मोजून माप काढण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते, पण तिच्यावर फार विसंबू नये. व्यास मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते, आणि घेर व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे तेवढ्या चुकीने माप दीड आकड्याने हुकते. बोटाला दोरा गुंडाळून मोजण्यात दोरा ताणला जातो. त्यापेक्षा पेढीवरचा मापाच्या कड्यांचा जुडगा बोटात घालून पाहावा, आणि तोही एकाच भेटीत उरकू नये. सकाळी, थंडीत किंवा वातानुकूलित दुकानात बोट बारीक असते. दुपारच्या उन्हात, जेवणानंतर किंवा दिवसभराच्या धावपळीनंतर तेच बोट फुगलेले असते. शक्य असेल तर संध्याकाळी, हाताचे तापमान नेहमीसारखे असताना माप घ्यावे. कडी सांध्यावरून जाताना थोडी अडावी आणि मुळाशी बसल्यावर सहज फिरावी, हे योग्य माप. ज्या हातात अंगठी घालायची त्याच हाताचे बोट मोजावे, कारण कामाचा हात दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असतो. रुंद पट्टीची अंगठी नाजूक अंगठीपेक्षा घट्ट लागते, म्हणून रुंद वेढ्यासाठी माप जरा वाढवून घ्यावे लागते.

लग्न डिसेंबरात आणि माप मात्र मे महिन्यात घेतलेले, असे अनेकदा घडते. लग्नाआधी वजन उतरवण्याचा चंग बांधलेल्या वधू-वरांच्या बाबतीतही साखरपुड्याची अंगठी लग्नापर्यंत सैल होते. अशा वेळी लगेच कापाकापी करू नये. गरोदरपणात बोटे सुजतात म्हणून अंगठी वाढवून घेणाऱ्यांना बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ती पुन्हा लहान करावी लागते. त्या काळात अंगठी काढून ठेवणे किंवा साखळीत ओवून गळ्यात घालणे हाच स्वस्त मार्ग होय.

अंगठीचे नेमके काय केले जाते

साधे वेढे एक-दोन आकड्यांनी वाढवायचे असेल तर कारागीर ते तापवून मऊ करतो, मापाच्या उतरत्या दांडीवर चढवतो आणि ठोकून किंवा यंत्रावर ताणून मोठे करतो. यात सोने घालावे लागत नाही; पट्टी मात्र त्या प्रमाणात बारीक होते. खडे नसलेल्या, पुरेशा जाड पट्टीसाठी ही पद्धत चांगली आणि सर्वांत स्वस्त आहे. आधीच झिजलेली पट्टी ताणून वाढवणे म्हणजे पुढच्या वर्षी ती तुटण्याची सोय करणे होय, म्हणून तसे सुचवणाऱ्या कारागिराला "जोड देऊनच करा" असे सांगावे.

दोन आकड्यांपेक्षा जास्त वाढवायचे असेल, किंवा अंगठी खड्यांची असेल, तर पट्टी मागच्या बाजूला कापतात, तिथे त्याच कॅरेटचा तुकडा बसवून झाळतात (म्हणजे वितळलेल्या धातूने सांधतात), मग कानशीने घासून, दांडीवर गोल करून उजाळा देतात. लहान करताना उलटे होते: मागच्या बाजूचा तुकडा कापून काढतात आणि दोन्ही टोके जवळ आणून झाळतात. काम नीट झाले असेल तर जोड डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो तेव्हा बहुधा घातलेल्या तुकड्याचे किंवा झाळीचे सोने वेगळ्या कॅरेटचे असते, आणि काही महिन्यांनी तिथे फिकट किंवा लालसर रेघ उमटते.

जुन्या दागिन्यांच्या संदर्भात "केडीएम" हा शब्द अजूनही कानांवर येतो. तो कॅडमियम मिसळलेल्या झाळीसाठी वापरला जात असे. कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक असल्यामुळे ती झाळ मागे पडली आहे. आज कोणी "केडीएमचे काम" म्हणून जादा पैसे मागितले, तर ते गुणवत्तेचे प्रमाण समजू नये.

सोन्याचा हिशेब

हा भाग प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. अंगठीच्या मागच्या बाजूची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. पेढीवर मोजमापाचे साधन असतेच. रुंदी गुणिले जाडी गुणिले मापातला फरक, एवढे केले की घालायच्या किंवा काढायच्या सोन्याचे घनफळ घन मिलिमीटरमध्ये मिळते. त्याला २२ कॅरेटसाठी १७.७ ने आणि १८ कॅरेट पिवळ्या सोन्यासाठी साधारण १५.५ ने गुणले की वजन मिलिग्रॅममध्ये येते. पट्टी आतून सपाट आणि बाहेरून अर्धगोल असेल तर आलेल्या उत्तरातून सुमारे पाचवा हिस्सा वजा करावा.

उदाहरणार्थ, २२ कॅरेटची ३ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड, सपाट पट्टीची अंगठी न ताणता, जोड देऊन १४ वरून १६ मापाची करायची आहे. ३ गुणिले १.५ गुणिले २ म्हणजे ९ घन मिलिमीटर, आणि त्याचे वजन सुमारे १६० मिलिग्रॅम. सोन्याचा भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर घातलेल्या सोन्याचे १,६०० रुपये झाले. मजुरी ५०० रुपये धरली आणि सोन्यावर ३ टक्के व मजुरीवर ५ टक्के जीएसटी लावला, तर एकूण बिल २,१७३ रुपये होते. पेढीवर तोंडी सांगितलेला आकडा ५०० होता, हे लक्षात घ्यावे. यात सराफाने फसवले असे मुळीच नाही. त्याने मजुरी सांगितली आणि आपण ती एकूण खर्च समजलो. घातलेले सोने शेवटी आपल्याच बोटात राहते, त्यामुळे त्या पैशांना निव्वळ खर्च म्हणताही येत नाही.

आता तीच अंगठी १८ वरून १५ मापाची करायची आहे असे समजू. ३ गुणिले १.५ गुणिले ३ म्हणजे १३.५ घन मिलिमीटर, म्हणजेच जवळजवळ २४० मिलिग्रॅम सोने बाहेर निघणार. वरच्याच दराने त्याची किंमत २,४०० रुपये होते. मजुरी ५०० आणि कर मिळून ५२५ रुपये द्यायचे असतील, तर खरे म्हणजे सराफाकडून आपल्यालाच पैसे येणे निघते, किंवा निदान तो तुकडा कागदाच्या पुडीत बांधून हातात मिळायला हवा. "एवढ्याशा तुकड्याचे काय घेऊन बसलात" असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि "लहान करून द्यायला काहीच लागणार नाही, मोफत करून देतो" असे सांगून तुकडा ठेवून घेण्याचीही आहे. अशा मोफत कामाची किंमत कधीकधी सर्वांत जास्त पडते. सराफ बाजारातील धुळीला आणि गटारातल्या गाळालाही मोल आहे. ती धूळ धुऊन सोने वेगळे काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच कामावर पोट भरत आले आहेत. तेव्हा पाव ग्रॅमचा तुकडा क्षुल्लक समजण्याचे कारण नाही.

तुकडा परत घ्यावा की त्याची किंमत मजुरीतून वळती करून घ्यावी, हे आपल्या सोयीने ठरवावे. वळती करायची असेल तर दर कोणता लावणार, हे आधी विचारावे. घालायच्या सोन्याला विक्रीचा दर आणि काढलेल्या सोन्याला मोडीचा दर लावला जातो, आणि दोन्हींत फरक असतो. अंगठी आठवडाभर कारागिराकडे राहणार असेल, तर जमा केल्या दिवसाचा भाव धरायचा की परत घेण्याच्या दिवसाचा, हेही स्पष्ट करून घ्यावे.

तुकड्याशिवाय थोडी घट होतेच. कापताना करवतीच्या पात्याएवढे सोने भुकटी होते, आणि कानस व उजाळा यांत आणखी काही मिलिग्रॅम जातात. दहा-वीस मिलिग्रॅम घट झाली तर ती कामाचा भाग समजावी. ४.१२० ग्रॅमची अंगठी तीन आकड्यांनी लहान होऊन ३.८६५ ग्रॅम भरली आणि सोबत २४० मिलिग्रॅमचा तुकडा मिळाला, तर १५ मिलिग्रॅम घट झाली आणि हिशेब जुळला. तुकडा १५० मिलिग्रॅमचा निघाला, तर बाकीचे सोने कुठे गेले, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे.

मजुरी किती असावी

मजुरीला ठरलेला दर नाही. पुण्यातील लक्ष्मी रस्ता, मुंबईचा झवेरी बाजार, कोल्हापूरची गुजरी किंवा जळगावचा सराफ बाजार यांपैकी कुठेही गेले तरी दोन शेजारच्या दुकानांत वेगळे आकडे ऐकू येतील. ढोबळ अंदाज सांगायचा तर सोन्याच्या साध्या वेढ्याचे माप ओळखीचा सोनार दोनशे-तीनशे रुपयांत बदलून देतो, आणि मोठ्या पेढीवर त्याच कामाला पाचशे ते हजार रुपये लागतात. हिऱ्यांच्या किंवा इतर खड्यांच्या अंगठीला हजारापासून अडीच-तीन हजारांपर्यंत मजुरी सांगितली जाते. किती खडे काढून पुन्हा बसवावे लागणार, यावर ती ठरते.

दुकानाच्या मागेच कारागीर बसत असेल तर साधी अंगठी त्याच दिवशी मिळते. गल्लीच्या कोपऱ्यावर बाकड्यावर बसून काम करणाऱ्या कारागिराकडे एक मोठा फायदा असतो: अंगठी आपल्या डोळ्यांसमोर कापली जाते आणि तुकडा तिथल्या तिथे दिसतो. खड्यांच्या महागड्या अंगठीला मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिथे भिंगाखाली काम करणारा, खडे बसवण्यात मुरलेला हात हवा.

ज्या पेढीतून अंगठी घेतली तिथे प्रथम चौकशी करावी, हे उत्तम. बऱ्याच पेढ्या पहिल्यांदा माप बदलण्याची मजुरी घेत नाहीत, आणि काही ठिकाणी न वापरलेली अंगठी ठरावीक दिवसांत दुसऱ्या मापाच्या अंगठीशी बदलून मिळते. यातील "मोफत" या शब्दात वाढीव सोन्याची किंमत धरलेली नसते, हे ओघाने आलेच. नामांकित दुकानाची हमी असलेली अंगठी बाहेरच्या कारागिराकडून कापून घेतली, तर ती हमी संपुष्टात येऊ शकते. वाचलेल्या तीनशे रुपयांपोटी ती गमावू नये.

खडे, पांढरे सोने आणि प्लॅटिनम

झाळताना पट्टीला ज्योत लावावी लागते आणि नंतर अंगठी तेजाबात बुडवून स्वच्छ करतात. उष्णता आणि तेजाब या दोहोंनी खड्यांचे नुकसान होते, आणि एक खडा खराब झाला तर माप बदलण्याचा सगळा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. हिरा बराच टिकाऊ असला तरी उघड्या ज्योतीत त्याचा पृष्ठभाग पांढुरका होऊ शकतो, म्हणून जाणता कारागीर त्यावर बोरिक ॲसिडचा लेप देतो. मोती आणि पोवळे यांना तर ना ज्योत सोसते ना तेजाब. दोन्ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटची असल्यामुळे आम्लात विरघळतात. पाचूमधल्या बारीक भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात. उष्णतेने ते तेल निघून गेले की भेगा दिसू लागतात. काच भरलेले माणिकही तापवले की खराब होते. त्यामुळे नवरत्नांची अंगठी हा माप बदलण्यातला सर्वांत अवघड प्रकार समजावा, कारण तिच्यात मोती, पोवळे आणि पाचू एकत्र असतात. तिथे एक तर हे खडे काढून ठेवावे लागतात, किंवा लेसरने झाळावे लागते. लेसरची उष्णता अगदी टिंबाएवढ्या जागेत राहते, त्यामुळे खडे हलवावे लागत नाहीत. हे यंत्र मोठ्या कारखान्यांतच असते आणि मजुरी वाढते, पण अशा अंगठीसाठी ती द्यावी.

मीनाकाम केलेली अंगठी, आतून पोकळ असलेली अंगठी आणि कोंदणाखाली लाख भरलेला जुना दागिना यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. संपूर्ण वेढ्यावर खडे बसवलेल्या अंगठीला तर कापायला जागाच नसते. अशी अंगठी विकत घेतानाच माप अचूक असावे लागते. नंतर दुकानदार "करून देऊ" म्हणाला तरी सावध राहावे. अर्ध्या वेढ्यापर्यंत खडे असतील तर मागच्या साध्या भागातून माप बदलता येते. मात्र चार-पाच आकड्यांपेक्षा जास्त फरक केला, तर वेढ्याची गोलाई बदलून वरच्या बाजूचे खडे आपापल्या घरांत ढिले होतात. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी भांडी घासताना किंवा स्वेटर काढताना पडतात, आणि तोपर्यंत दुरुस्तीशी त्यांचा संबंध जोडणे कठीण होऊन बसते.

हिऱ्याच्या अंगठीला प्रमाणपत्र असेल तर त्यातला क्रमांक अनेकदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. अंगठी देताना तो पेढीवरच्या भिंगाखाली पाहून पावतीवर लिहून घ्यावा आणि परत घेताना पुन्हा ताडून पाहावा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. चांगल्या पेढ्या हे स्वतःहून करतात.

पांढऱ्या सोन्याचा रंग मुळात थोडा पिवळसर असतो आणि त्यावर ऱ्होडियमचा मुलामा दिलेला असतो. झाळल्यावर तो मुलामा जातो, त्यामुळे पूर्ण अंगठीवर नव्याने ऱ्होडियम चढवावे लागते. याचे पाचशे ते दीड हजार रुपये वेगळे पडतात, आणि ते मजुरीत धरले आहेत का, हे विचारलेले बरे.

प्लॅटिनमचे भाव सोन्यापेक्षा कमी असूनही त्याची अंगठी कमी-जास्त करणे महाग पडते, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. कारण धातूच्या स्वभावात आहे. शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते, तर प्लॅटिनमला १,७६८ अंश लागतात. सोनाराची नेहमीची ज्योत त्याला पुरत नाही, हत्यारे वेगळी लागतात, आणि सोन्याचा कण जरी त्यात मिसळला तरी काम बिघडते. म्हणून प्लॅटिनमची अंगठी गल्लीतल्या सोनाराकडे देऊ नये. ती मूळ दुकानामार्फत कारखान्यातच जाते, तिला दोन ते चार आठवडे लागतात आणि खर्च दोन-तीन हजारांपासून पुढे असतो. लग्नाची तारीख जवळ आली असेल, तर हे दिवस आधी मोजावेत.

हॉलमार्क आणि आत कोरलेली अक्षरे

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या, प्रत्येक दागिन्याच्या सहा अक्षर-अंकी स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्क केलेला दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना यातून सूट आहे, त्यामुळे नाजूक अंगठ्यांवर हॉलमार्क नसण्याची शक्यता असते. अंगठीवर हे शिक्के वेढ्याच्या आतल्या बाजूला असतात, आणि नेमकी तिथेच करवत व कानस चालते. शिक्का पुसला गेला तर पुढे अंगठी मोडताना किंवा बदलताना तिची शुद्धता नव्याने तपासण्याची वेळ येते. म्हणून शिक्का कुठे आहे हे भिंगाखाली पाहून "याच्यापासून दूर कापा" असे सांगावे आणि पावतीवर एचयूआयडी लिहून घ्यावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. आजीची किंवा आईची अंगठी सुनेसाठी लहान करायची असेल आणि तिचे कॅरेट नक्की ठाऊक नसेल, तर ब्यूरोमान्य केंद्रावर ती आधी तपासून घेता येते. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि त्यावर कर एवढेच शुल्क आहे. कॅरेट कळल्याशिवाय जोड देणाऱ्याला कोणते सोने वापरावे, हे ठरवता येत नाही.

गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती विवाहांत चर्चमध्ये बदललेल्या वेढ्यांच्या आत जोडीदाराचे नाव आणि लग्नाची तारीख कोरण्याची रीत आहे. लहान करताना यातले एखादे अक्षर किंवा आकडा तुकड्याबरोबर जाऊ शकतो. कापण्यापूर्वी मजकुराचे छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा कोरण्याचा खर्च त्याच बिलात ठरवावा.

पावतीवर काय असावे

अंगठी तोंडी विश्वासावर देऊ नये. ओळखीच्या घराण्याच्या पेढीवरही साध्या चिठ्ठीवर पाच-सहा गोष्टी लिहून घेता येतात: मिलिग्रॅमपर्यंतचे वजन, कॅरेट, सध्याचे आणि हवे असलेले माप, खड्यांची संख्या व प्रकार, ठरलेली मजुरी, आणि निघालेल्या सोन्याचे काय करायचे ते. वजन आपल्यासमोर, काटा शून्यावर आणून करायला सांगावे. स्वतःच्या भ्रमणध्वनीवर काट्याचा आकडा दिसेल असे अंगठीचे छायाचित्र घेतले, तर पुढे शब्दाला शब्द वाढण्याची वेळ येत नाही.

अंगठी जुनी असेल आणि डिझाइनही आवडेनासे झाले असेल, तर "माप बदलण्यापेक्षा ही मोडून नवीच घ्या" असा सल्ला मिळतो. त्याचा हिशेबही मांडून पाहावा. चार ग्रॅमची अंगठी, पूर्वीचाच दर आणि नव्या अंगठीची घडणावळ १५ टक्के धरली, तर घडणावळीचेच ६,००० रुपये होतात, वर जीएसटी, आणि जुन्या अंगठीची घडणावळ पाण्यात. याउलट माप वाढवण्याचे एकूण बिल दोन-सव्वादोन हजार, आणि त्यातले दीड हजार सोन्याच्या रूपाने बोटातच. साखरपुड्याच्या अंगठीच्या बाबतीत भावनेचा भाग वेगळा. पण नुसत्या रुपयांतही मोडणे क्वचितच परवडते. पट्टी कागदासारखी झिजली असेल, किंवा माप सात-आठ आकड्यांनी बदलायचे असेल, तेव्हाच तो मार्ग विचारात घ्यावा.

फरक एखाद्या आकड्याचाच असेल तर कापण्याचीही गरज नसते. मागच्या बाजूला दोरा गुंडाळणे हा घरोघरीचा उपाय आहे; तो दोन दिवसांच्या समारंभापुरता ठीक, पण रोज ओला राहणारा दोरा कातडीला त्रास देतो. त्यापेक्षा वेढ्याच्या आत खालच्या बाजूला सोन्याचे दोन बारीक मणी झाळून घ्यावेत. सांधा जाड आणि बोटाचे मूळ बारीक असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण अंगठी सांध्यावरून जाते आणि मुळाशी फिरत नाही. खर्च थोडा, आणि पुढे नको वाटल्यास मणी काढूनही टाकता येतात. जोडव्यांना हा प्रश्नच येत नाही, कारण ती मुळात खालून उघडी असतात आणि हाताने दाबून बसवता येतात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्यांना एक वेगळी अडचण येते. तिथल्या सर्वसाधारण जवाहिऱ्यांचे बहुतेक काम ९, १४ आणि १८ कॅरेटमध्ये चालते. २२ कॅरेटचा तुकडा आणि त्याला जुळणारी झाळ त्यांच्याकडे असेलच असे नाही. १८ कॅरेटचा जोड दिला तर रंगातला फरक दिसतो आणि भारतात ती अंगठी मोडताना कटकट होते. न्यू जर्सीतील एडिसन-आयसेलिनचा ओक ट्री रस्ता किंवा लंडनमधील साउथॉल आणि वेम्बली येथे २२ कॅरेटचे काम करणारी भारतीय दुकाने आहेत. शक्यतो तिथे जावे. लहान करायची असेल तर जोडाचा तुकडा लागत नाही, तेव्हा झाळ कोणत्या कॅरेटची वापरणार एवढे विचारून स्थानिक जवाहिऱ्याकडेही देता येईल. घाई नसेल तर पुढच्या भारतभेटीपर्यंत थांबणे स्वस्त पडते, मात्र उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच अंगठी द्यावी. तिथली मापेही वेगळी आहेत: अमेरिकेतले ६ माप आपल्याकडचे साधारण १२ असते, ७ म्हणजे १४ ते १५, आणि इंग्लंडमध्ये मापे इंग्रजी अक्षरांत सांगतात. भारतात अंगठी करायला टाकताना फोनवरून आकडा सांगण्याऐवजी आतला घेर मिलिमीटरमध्ये कळवावा.

अंगठी परत घेताना

अंगठी हातात आल्यावर लगेच बोटात घालण्याचा मोह आवरून ती प्रथम काट्यावर ठेवावी. पावतीवरचे वजन, आताचे वजन आणि तुकड्याचे वजन यांचा मेळ घालावा. मग जोडाची जागा भिंगाखाली पाहावी: बारीक छिद्रे, काळी रेघ किंवा रंगातला फरक दिसता कामा नये. अंगठी टेबलावर आडवी ठेवून ती डगमगते का ते पाहावे. डगमगत असेल तर वेढे वाकडे झाले आहे. खड्यांची अंगठी कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारावी. किणकिण असा सूक्ष्म आवाज आला तर एखादा खडा ढिला आहे, आणि तो तिथेच घट्ट करून घ्यावा. शेवटी अंगठी बोटात घालून, हात धुऊन, ओल्या बोटावरून ती सहज घसरते का ते पाहावे. माप अर्ध्या आकड्याने जरी चुकले असेल तरी पैसे चुकते करण्यापूर्वीच सांगावे, कारण कारागीर अजून मागच्या खोलीत बसलेला असतो आणि ते दुरुस्त करायला त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.